पोटातल्या अशिलाचं वकीलपत्र

प्रिय रेवा आणि ईशान,

मागच्या महिन्यात रेवाने परदेशातून फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या राज्यात पोटातल्या बाळाला काही हक्क असतात का? मला कॉलेजात त्यावर लिहायचंय." मी म्हटलं, "असतात की. एका पोटातल्या बाळाची तर मी वकील होते." ती इतकी खिदळली की शेजारच्या खोलीतून ईशान धावत आला, आणि दोघांनी मिळून हुकूम सोडला, लिहून पाठव. त्याच आठवड्यात इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई अकोल्यातल्या जठारपेठेतल्या आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वकिलीतलं काहीतरी द्या, पण रडकं नको." एका फोडणीत दोन भाज्या होत असतील तर मी कशाला सोडू? हे पत्र तुमचं आहे आणि अंकाच्या वाचकांनी ते खुशाल वाचावं. तुमच्या आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं, त्याची ही शिक्षा समजा.

आधी कायदा सांगते. तो एका परिच्छेदात संपतो, घाबरू नका. माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि त्या वेळी त्याचं मूल आईच्या पोटात असलं, तर ते मूल बापाच्या आधीच जन्मलं होतं असं धरून त्याला वारसाहक्क मिळतो. अट एकच, ते जिवंत जन्मलं पाहिजे. हा कायदा केंद्राचा. त्याप्रमाणे सातबाऱ्यावर नाव चढवायचं ते राज्याच्या महसूल कायद्याने. तुमच्याकडे या विषयावरून जी मोठी भांडणं होतात ती बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा याची असतात. तो प्रश्न वेगळा आहे, आणि त्यात मी नेहमी बाईच्या बाजूने उभी राहीन. आमच्या दिवाणी कोर्टातला प्रश्न घरगुती होता. पंगत बसली आहे, एक जण अजून यायचा आहे. त्याचं पान मांडून ठेवायचं की नाही?

काही घरांत कायदा सांगावाही लागत नाही. बांगड्यांचे एक व्यापारी होते, हाजीसाहेब. त्यांचा धाकटा भाऊ वारला तेव्हा भावजय गरोदर होती. ते स्वतःच माझ्याकडे आले. "वकीलसाहिबा, हमारे यहाँ पेटवाले का हिस्सा पहले अलग रखते हैं. बस कागज पक्का बना दो." त्यांच्या शरियतप्रमाणे एका मुलाचा हिस्सा राखून ठेवला, बाकीची वाटणी झाली. दोन-तीन महिन्यांनी हाजीसाहेब पेढ्यांचा डबा घेऊन दारात. चेहरा असा की हसावं का रडावं ते ठरत नव्हतं. "वकीलसाहिबा, एक मेहमान की जगह रखी थी, दो आ गये!" जुळी झाली होती. सगळी वाटणी पुन्हा मांडली, आणि एकाही माणसाने तोंड वाकडं केलं नाही. असे अशील मिळाले की वकील उपाशी मरतो, पण झोप छान लागते.

आता वैशालीची गोष्ट.

वैशाली अमरावतीची मुलगी, माझ्याच माहेरगावची. बार्शीटाकळीजवळच्या एका गावात दिली होती. नवरा गजानन, त्याचा मोठा भाऊ सुधाकर, आणि त्यांची आई कौसल्याबाई. दोघा भावांचं वावर, म्हणजे शेत, सामाईक होतं, काळ्या मातीचं, अकोल्याच्या रस्त्याला लागून. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गजानन मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेरावं झालं आणि सुधाकरने आईकडून आणि वैशालीकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या, म्हणजे गजाननच्या वाट्यातला आपापला हिस्सा त्या दोघींनी त्याला सोडला. आईने मोठ्या लेकाजवळ राहायचं म्हणून दिला. वैशालीने दिला, कारण तेव्हा तिला समोर ठेवलेल्या कागदावर सही करण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. आपल्याला दिवस गेले आहेत हेही तिला अजून नीट कळलं नव्हतं.

कळलं तेव्हा घर उजळलं. खरंच उजळलं, हे लक्षात ठेवा. आणि सातव्या महिन्यात कौसल्याबाईंनी गावात कुणी न केलेली गोष्ट केली. विधवा सुनेचं डोहाळेजेवण. बायका कुजबुजल्या तेव्हा त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "तिचं कुकू गेलं. पोटातलं लेकरू कुठी गेलं? ते तं हाय ना? मंग त्याचे डोहाये पुरवाले कोनाची चोरी हाय?" हिरवी साडी, ओटी, फुलांच्या वेण्या, सगळं झालं. सगळा खर्च सुधाकरने केला, हौसेने केला.

आणि महिन्याभरात त्याच सुधाकरने ते सबंध वावर प्लॉट पाडणाऱ्या एका माणसाला विकायचं ठरवलं.

वैशाली माझ्याकडे आली ती आपल्या वडिलांबरोबर, पोटावर पदर घट्ट ओढून. मी कागद वाचले. म्हटलं, "तुझी सही आहे, सासूची आहे. पण गजाननच्या वाट्याचे वारस तिघं होते. तिसऱ्याची सही कुठे आहे?"

ती गोंधळली. "तिसरं कोण?"

मी तिच्या पोटाकडे बोट दाखवलं. ती आधी दचकली, मग हसायला लागली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, असं वडील नंतर म्हणाले. "म्हणजे मॅडम, माझी सही झाली तरी याची व्हायचीय?"

"याची सही तूही करू शकत नाहीस. जन्मल्यावरसुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय नाही."

दावा लिहिला, आणि दाखल करायला गेले तर ठोंबरेबाबू आडवे आले. दावे तपासून घेणारे हे गृहस्थ संगणकावर फार श्रद्धा ठेवून असत. माझा नीटनेटकेपणा नडला होता. मी बाळाला चक्क दोन नंबरचा वादी केलं होतं.

"म्याडम, नाव?"

"ठेवलेलं नाही."

"वय?"

"यायचंय."

"धंदा काय लिहू?"

"सध्या लाथा मारतं."

ठोंबरेबाबूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्याडम, मले काही नाही. पन हे मशीन वयाशिवाय पुढच सरकत नाही. अन् शून्याच्या खालचं वय तं ते घेतच नाही." मागे रांगेतले वकील ओठ दाबून उभे होते. एकाने सुचवलं, "वादी अज्ञान आहे लिहा, बाई." कोर्टाच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन. दुसरा म्हणाला, "अज्ञान कसला? आतापासून मोठ्या काकावर दावा टाकतोय!" शेवटी मी कागद माघारी घेतला आणि वादी एकच ठेवली, 'वैशाली, स्वतःसाठी व गर्भातील अपत्याच्या हितासाठी'. मशीन खूश झालं.

विक्री थांबवायला तातडीचा मनाई हुकूम हवा होता. खरेदीखत एकदा नोंदलं गेलं की दावा पुढे जिंकताही येतो, पण तोवर वावरावर लोकांची घरं उभी राहतात आणि वादीला नातवंडं होतात. हुकमाच्या अर्जाला उत्तर म्हणून सुधाकरचं प्रतिज्ञापत्र आलं. ते वाचून माझे कान तापले. त्यात लिहिलं होतं की भाऊ वारला तेव्हा ही बाई गरोदर असल्याचं कुणालाही ठाऊक नव्हतं, पोटातलं मूल आपल्या भावाचं नाही, आणि घरच्यांनी त्याला कधीही आपलं मानलेलं नाही.

हे सुधाकरचे शब्द नव्हते, हे मला तेव्हाच कळलं. ते गावंडे वकिलांचे होते. गावंडे माझे जुने प्रतिस्पर्धी, मिशा रंगवणारे, आणि समोरून येईल ते सगळं नाकारायचं या पंथाचे. आमच्या धंद्यात उत्तर लिहिताना पहिला नियम तोच, आज सूर्य उगवला असं वादीने म्हटलं तरी 'मान्य नाही' लिहायचं. पण ते लिहिताना एखाद्या पोरीच्या चारित्र्यावर शाई सांडते, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. वैशालीला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पण भासऱ्यांनीच तर डोहाळेजेवण केलं." भासरे म्हणजे मोठे दीर.

मी खुर्चीतून उठलेच. "फोटो आहेत?"

नव्हते. विधवेच्या ओटीचे फोटो कशाला, म्हणून कुणी काढलेच नव्हते. साक्षीदार? अख्खं गाव जेवलं होतं, पण एकही माणूस यायला तयार होईना. एक म्हातारे मला तोंडावर म्हणाले, "बाई, ज्याच्या घरची बुंदी खाल्ली त्याच्याविरोधात साक्ष कशी देऊ? पोटात हाय ना ते अजून!" वऱ्हाडातलं हे तर्कशास्त्र तुमच्या कॉलेजात शिकवत नसतील. मीठ इथे शपथेपेक्षा मोठं असतं.

म्हणजे सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, सुधाकर. अशा अर्जात एरवी उलटतपासणी होत नाही, प्रतिज्ञापत्रं वाचून निकाल होतो. पण ते लिहून देणाऱ्याला बोलावून प्रश्न विचारू द्यावेत अशी विनंती करता येते. मी ती केली. न्यायाधीश नुकते कोकणातून बदलून आलेले, तरुण, अतिशय सभ्य. ते परवानगी देऊन बसले.

तारखेला सुधाकर पिंजऱ्यात उभा राहिला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आईलाही गाडीतून घेऊन आला होता. कौसल्याबाई मागच्या बाकावर, पदर सावरून, कोर्ट म्हणजे काय हे बघायला आल्यासारख्या बसल्या होत्या. प्रतिज्ञापत्रात काय लिहिलं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"सुधाकरराव, तुमच्या घरी वैशालीचं डोहाळेजेवण झालं का?"

"मले आठवत नाही."

"काही तरी जेवण झालं?"

"घर हाय, बाई. जेवनं होतच राह्यते."

गावंडे मिशांवरून बोट फिरवत छताकडे बघत होते. पढवणी पक्की झाली होती. मी कागद चाळल्यासारखं केलं. कागदात काहीच नव्हतं.

"म्हणजे चार बायका बोलावून चहा-पोहे केले असतील."

सुधाकरची मान किंचित ताठ झाली. ते पाहिलं आणि मला वाट सापडली. वऱ्हाडी माणसाला चोर म्हणा, तो वकील लावेल. त्याच्या घरचं जेवण कमी पडलं म्हणा, मग वकिलाला तो विचारत नाही.

"असं म्हणणं खरं आहे का, की त्या दिवशी कढी पाण्यासारखी पातळ होती?"

गावंडे उठले. "हरकत आहे! कढीचा या दाव्याशी संबंध काय?"

न्यायाधीश म्हणाले, "मलाही अजून दिसत नाही. पण बाई ज्येष्ठ आहेत. बघू या, कढी कुठे जाते."

"आणि असं म्हणणं खरं आहे का, की दुसऱ्या पंगतीला बुंदी पुरली नाही, आणि लोक अर्धपोटी उठले?"

"कोन म्हन्ते?"

आवाज इतका चढला की बाहेरचा पट्टेवाला दार उघडून आत डोकावला.

"कोन म्हन्ते बुंदी पुरली नाही? नाव सांगा त्याचं! अख्खं गाव जेवून गेलं माह्या दारातून! अकोल्यावरून आचारी आनला होता म्या! बुंदी उरली, बापा, उरली! दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोट्ट्याईले वाटली!"

गावंडे खालून हात हलवून 'बसा, गप्प बसा' अशा खुणा करत होते. साक्षीदाराला पिंजऱ्यात बसता येत नाही, हे त्या घाईत तेही विसरले.

आणि मागच्या बाकावरून दुसरा आवाज आला. "अन् कढी बी दाट होती, सायेब! म्या सोता चाखली!"

"आजी, तुम्ही साक्षीदार नाही," न्यायाधीश म्हणाले.

"मंग इचारा ना मले! मी काय नाही म्हन्ते?"

सगळं कोर्ट हसत होतं. टंकलेखिका तोंडाला रुमाल लावून बसली होती. मला हसायची परवानगी नव्हती, म्हणून मी पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला.

"एवढा थाट केलात, सुधाकरराव. कशासाठी? परक्या लेकरासाठी?"

"परकं?" तो तसाच भडकलेला होता. "परकं काहून? माह्या गजूचं लेकरू हाय ते!"

सुधाकरने कठडा धरला होता. आपण काय बोललो ते त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग कुणी काही विचारलेलं नसताना तो खाली बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "गजूचंच हाय."

मागे कौसल्याबाईंनी शेजारच्या बाईला विचारलं, "असं काऊन इचारून राह्यले हे? नाही म्हन्लं होतं का कोनी?" कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. त्या उठल्या, आणि कोर्टाची परवानगी वगैरे न घेता पलीकडच्या बाकावर वैशालीशेजारी जाऊन बसल्या. जाताना लेकाकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेवर हरकत घ्यायची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

न्यायाधीशांनी साक्ष टंकलेखिकेला सांगितली. कोर्टाची भाषा कशी असते ते तुम्हाला कळावं म्हणून ती मी पाठ करून ठेवली आहे. 'हे म्हणणे खरे नाही की कढी पातळ होती. हे म्हणणे खरे नाही की बुंदी कमी पडली. सदर जेवण मी माझे मयत भाऊ गजानन यांच्या होणाऱ्या अपत्याप्रीत्यर्थ दिले.' त्याखाली सुधाकरने सही केली. तुम्ही विचाराल, कढी पातळ होती हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. उलटतपासणीत असं विचारून पाहता येतं. खोटं असेल तर साक्षीदार नाही म्हणतो. तो 'नाही' म्हणाला, फक्त जरा सविस्तर.

मनाई हुकूम मिळाला. मूल जन्मेपर्यंत वावर विकायचं नाही, तारण ठेवायचं नाही. कोर्टाबाहेर सगळे मला शाबासकी देत होते. मी मात्र वैशालीला बाजूला घेतलं. म्हटलं, "तुझ्या स्वतःच्या सहीलाही आव्हान देऊ. दुःखात घेतलेली सही आहे, मी लढते." ती म्हणाली, "माझं जाऊ द्या, मॅडम. याचं राहिलं ना?" मी बरंच समजावलं. तिने ऐकलं नाही. तो हिस्सा गेला तो गेलाच. इतक्या वर्षांच्या वकिलीत मला एक गोष्ट कधीच जमली नाही, पोरासाठी वाघीण होणाऱ्या बाईला स्वतःसाठी मांजर तरी करणं.

आता सगळं एका गोष्टीवर येऊन टेकलं. जिवंत जन्म. कायद्याला बाळ गोरं लागत नाही, गुटगुटीत लागत नाही, मुलगा तर मुळीच लागत नाही. त्याने या जगात जिवंत यावं, एवढंच लागतं. वैशाली बाळंतपणाला अमरावतीला आईकडे गेली. शेवटच्या आठवड्यांत तिचा रक्तदाब वर चढायला लागला, पायांवर सूज आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी घ्या. कौसल्याबाईंनी हे ऐकलं आणि पिशवीत दोन लुगडी भरून एसटीने थेट व्याह्यांच्या घरी जाऊन राहिल्या. मला त्या रोज फोन करत. "म्याडम, आज लाथ मारली." "आज दोनदा मारली." "आज सकायपासून नाही मारली, काय करू?" मी दिवाणी वकील! पण त्या दिवशी दुपारी "मारली वं!" असा फोन येईपर्यंत मला एकही कलम आठवेना.

मग एका दुपारी आम्ही बाररूममध्ये जेवत होतो. रेवा, हे तुझ्या पेपरात लिही: आमच्याकडे कोर्टात एकमेकांचे गळे धरणारे वकील मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर डबे उघडतात. माझ्यासमोर गावंडे बसले होते. मी त्यांना लोणचं दिलं होतं, त्यांनी मला ज्वारीची भाकरी. सकाळपासून फोन नव्हता, आणि मी घास नुसता फिरवत होते.

फोन वाजला. कौसल्याबाई. मागे दवाखान्याचा गोंधळ.

"म्याडम, झाली! पोट्टी झाली!"

मी अभिनंदन म्हणायला हवं होतं. वैशाली कशी आहे विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून आलं ते असं, "रडली का? आधी सांगा, रडली का?"

"रडली का इचारता? अन् वैशू बी चांगली हाय. थांबा, आईका तुमीच!"

मी फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर, डब्यांच्या मध्ये ठेवला. काही क्षण खरखर आली. मग अमरावतीहून जे रडणं सुरू झालं, बाळांनो! सणसणीत, तारस्वरात, कुणाचंही ऐकून न घेणारं. चहावाला केटली घेऊन जागेवर उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, "हिला वकिलीची सनदच द्या!"

गावंडे वकिलांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. जन्मभर समोरच्याच्या प्रत्येक ओळीपुढे 'मान्य नाही' लिहीत आलेला माणूस मान कलती करून ऐकत राहिला.

"मान्य," ते म्हणाले. "उद्या लेखी देतो. सुधाकरले मी सांगतो." मग माझा फोन त्यांनी स्वतःच आपल्याकडे सरकवला आणि त्यात वाकून म्हणाले, "आजी, बंद नका करू. अजून जरा रडू द्या तिले."